धातूंमुळे डीएनए तुटलाय का हे लॅबमध्ये कसं तपासायचं: खाडीतल्या शिनाण्यांपासून स्लाइडपर्यंत

गोव्यातल्या मांडवी नाहीतर जुवारी नदीतून आणलेल्या शिनाण्यांत (दोन कवचांचे मसल) एवढं कॅडमियम, एवढं शिसं, एवढं मँगनीज सापडलं असे तक्ते आपल्याकडच्या डिझर्टेशनांत भरपूर दिसतात. ते मोजायलाच हवं, पण त्या आकड्यांवरून त्या जीवाच्या पेशीत काय बिघडलं हे काही कळत नाही. शिनाण्यांकडे मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन असतं, ते कॅडमियम, तांबं, जस्त धरून ठेवतं, त्यामुळे मांसात धातू भरपूर आणि डीएनए बऱ्यापैकी शाबूत असंही होतं, आणि उलट मांसातला आकडा मामुली पण डीएनएचे तुकडे पडलेत असंही होतं. म्हणून धातू मोजणं वेगळं, डीएनएचं नुकसान मोजणं वेगळं, आणि दोन्ही एकाच जनावरावर केलं तरच त्याला अर्थ येतो. इथे मी दुसऱ्या भागाबद्दल लिहितोय, एमएस्सीच्या आणि नव्याने पीएचडीला लागलेल्या मुलांसाठी, ज्यांच्याकडे फार महागडी मशिनं नाहीत पण एक फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप, एक इलेक्ट्रोफोरेसिसची टाकी आणि एक बरा फ्रीज आहे.

पूर्ण काम करताना दोन प्रश्न डोक्यात ठेवा. पहिला, जे नुकसान दिसतंय ते धातूने केलंय की आपल्या हाताने, उन्हाने, चुकीच्या बफरने? दुसरा, जे नुकसान दिसत नाहीये ते खरंच नाहीये का? धातूंच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि प्रोटोकॉलच्या झेरॉक्समध्ये त्याचं उत्तर सहसा नसतं.

आधी धातू ओळखा, मग टेस्ट निवडा

सगळे धातू डीएनएला एकाच पद्धतीने इजा करत नाहीत. कॅडमियम स्वतः डीएनएला फारसं चिकटत नाही, ते पेशीची दुरुस्तीयंत्रणा बंद पाडतं आणि पेशीतलं ग्लुटाथायोन संपवून ऑक्सिडेशन वाढवतं. सहा संयुजेचं क्रोमियम सल्फेटच्या वाटेने पेशीत घुसतं, आत अॅस्कॉर्बेट आणि ग्लुटाथायोन त्याचं तीन संयुजेचं क्रोमियम करतात, आणि तेच पुढे डीएनएला चिकटतं, डीएनए आणि प्रोटीन एकमेकांना बांधून टाकतं. आर्सेनिकही दुरुस्ती अडवतं आणि क्रोमोसोमचे तुकडे मागे ठेवतं. पारा प्रोटीनमधल्या सल्फरला चिकटतो, त्यात पेशी विभागताना लागणारे धागेही आले. लोखंड आणि तांबं हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतात. कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम, अजैविक आर्सेनिक आणि निकेलची संयुगं ही चारही आयएआरसीच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या, पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेलं आहे, आणि शिनाणे, तिसऱ्या, कालवं आपण सगळे खातो, त्यामुळे हे काम नुसतं मार्कांसाठी नाहीये.

यातून टेस्ट ठरते. डीएनएचे धागे तुटलेत का हे बघायचं असेल तर अल्कलाइन कॉमेट, ती काय ते खाली सांगतो. ऑक्सिडेशन बघायचं असेल तर कॉमेटमध्येच एफपीजी या, ऑक्सिडाइज झालेल्या जागी डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची पायरी वाढवायची. आर्सेनिक किंवा पाऱ्यावर काम असेल तर मायक्रोन्यूक्लियस टेस्ट, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेली छोटी केंद्रकं मोजणं, सोबत हवीच, कारण क्रोमोसोम हरवणं किंवा मागे राहणं कॉमेटमध्ये दिसत नाही. आणि क्रोमियम असेल तर साध्या कॉमेटवर अजिबात विसंबू नका, का ते पुढे येईल. लेखाचा बराच भाग कॉमेटवर आहे कारण खर्च कमी, पेशी थोड्या लागतात, आणि पेशी विभागणारी असायची गरज नाही.

कॉमेटची मूळ कल्पना १९८४ मध्ये ऑस्टलिंग आणि योहानसन यांनी मांडली, आणि आपण आज जी अल्कलाइन पद्धत वापरतो ती १९८८ मध्ये नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी दिली. पेशी अॅगरोजमध्ये बसवायच्या, त्यांचं आवरण आणि प्रोटीन विरघळवायचं, उरलेला डीएनए अल्कलीत उलगडायचा आणि करंट द्यायचा. शाबूत डीएनए जागेवर राहतो, तुटलेला पॉझिटिव्ह बाजूला सरकतो, आणि रंगवल्यावर धूमकेतूसारखं डोकं आणि शेपूट दिसतं. शेपटीत जितका डीएनए जास्त तितकं नुकसान जास्त.

शिनाणे आणताना

मार्केटात घेतलेल्या शिनाण्यांवर हात बसवायला हरकत नाही, पण फील्डच्या निष्कर्षासाठी त्या नकोत. त्या कुठून आल्या, किती तास पाण्याबाहेर होत्या, बर्फात होत्या की उन्हात, काही माहीत नसतं, आणि उष्णता आणि ऑक्सिजन न मिळणं या दोन गोष्टी एकट्याच डीएनए तोडायला पुरेशा आहेत. स्वतः ओहोटीला जा, एकाच मापाच्या गोळा करा, कवचाची लांबी मोजून लिहा, आणि ओल्या कापडात गुंडाळून थंड डब्यात आणा पण बर्फाला थेट लावू नका. त्याच जागी पाण्याचं तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि खारेपणा लगेच नोंदवा.

खारेपणाचं जरा सविस्तर सांगतो कारण गोव्यात यानेच सगळं काम फिरतं. एप्रिल-मेमध्ये खाडीच्या तोंडाशी पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं असतं, आणि जुलैत त्याच जागी वरचं पाणी पार गोडं व्हायच्या बेताला येतं. या बदलाचा ताण शिनाण्यांवर येतो आणि तो डीएनएच्या नुकसानीतही दिसू शकतो. त्यामुळे मे महिन्यातली एक जागा आणि जुलैमधली दुसरी जागा यांची तुलना करून धातूला जबाबदार धरता येत नाही. एकाच आठवड्यात, एकाच प्रकारच्या भरती-ओहोटीत सगळ्या जागा उरका, नाहीतर एकाच जागेवर वर्षभर फिरून ऋतूचा फरक आधी समजून घ्या.

स्वच्छ जागा, म्हणजे रेफरन्स साइट, निवडणं हे दुसरं दुखणं. डिचोली, सांगेच्या बाजूने येणारं खनिजाचं लाल पाणी, बार्जची वाहतूक, बोटींचा रंग आणि डिझेल, शहराचं सांडपाणी, हे सगळं मिसळून खाडीत येतं, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या तेव्हा नदीच्या तळाशी आधीच बसलेला गाळ काही उठून गेला नाही. डिझेलमधले पीएएच, म्हणजे अनेक कड्यांचे हायड्रोकार्बन, स्वतःच डीएनएला चिकटतात, म्हणून फील्डच्या शिनाण्यांत शेपूट लांब दिसली की लगेच ‘धातूंमुळे’ असं लिहू नका. शक्य असेल तर एकाच जागेच्या शिनाणे जाळीच्या पिंजऱ्यात घालून वेगवेगळ्या जागी काही आठवडे लटकवा, सुरुवात सगळ्यांची सारखी असल्यामुळे तुलना खूप भरवशाची होते.

अजून एक, कामाच्या क्रमाबद्दल. धातू मोजायचे तर शिनाण्यांना एखादा दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून पोटातला गाळ काढावा लागतो, नाहीतर तुम्ही मांसाऐवजी खनिजाची माती मोजता. पण धागे तुटलेला डीएनए काही तासांत दुरुस्त व्हायला लागतो, म्हणजे तो एक दिवस थांबलात तर कॉमेटमधलं नुकसान निघून गेलेलं असतं. उपाय सोपा आहे: लॅबमध्ये आल्या आल्या आधी हिमोलिंफ, म्हणजे शिनाणीचं रक्त, काढून घ्या, त्या शिनाणीवर नंबर टाका, मग ती गाळ काढायच्या टाकीत सोडा आणि दुसऱ्या दिवशी तीच शिनाणी धातूच्या मोजणीला घ्या. दोन्ही आकडे एकाच जनावराचे मिळतात.

लॅबमध्ये धातूचा डोस द्यायचा असेल तर

फील्डमध्ये सगळं मिसळलेलं असतं म्हणून लॅबमध्ये एकच धातू देऊन बघणं गरजेचं. इथे पहिली गोष्ट, हिशोब क्षाराचा नाही, धातूचा करायचा. एका लिटरला १ मिलिग्रॅम कॅडमियम हवं असेल तर निर्जल कॅडमियम क्लोराइड १.६३ मिलिग्रॅम लागतं, आणि बाटलीवर पाण्याचे रेणू धरलेलं सूत्र असेल तर त्याहून जास्त. १ मिलिग्रॅम क्रोमियमसाठी पोटॅशियम डायक्रोमेट २.८३ मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅम पाऱ्यासाठी मर्क्युरिक क्लोराइड १.३५ मिलिग्रॅम. बाटलीवरचं रेणुभार बघून स्वतः काढा, दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका.

दुसरी गोष्ट, दिलेला धातू पाण्यात त्याच रूपात राहतोच असं नाही. खाऱ्या पाण्यात कॅडमियम क्लोराइडबरोबर जोडलं जातं आणि जीवाला कमी उपलब्ध होतं, म्हणून तोच डोस गोड्याकडे झुकणाऱ्या पाण्यात जास्त बाधतो. शिसं फॉस्फेट दिसलं की खाली बसतं, त्यामुळे पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खाऱ्या बफरमध्ये, पेशी ठेवून त्यात शिसं घातलं तर पेशींना काय मिळालं हे देवालाच ठाऊक. ईडीटीए असलेल्या माध्यमात धातू द्यायचा नाही, ईडीटीए तो धरून टाकतो. काचेची भांडी १० टक्के नायट्रिक अॅसिडमध्ये रात्रभर ठेवून चांगल्या पाण्याने धुवा, आणि टाकीतलं पाणी सुरुवातीला आणि शेवटी मशीनवर मोजून घ्या. प्रबंधात ‘दिलेला’ आणि ‘मोजलेला’ असे दोन्ही आकडे हवेत.

डोस किमान तीन घ्या, त्यातला एक तरी फील्डमध्ये खरंच सापडण्याएवढा छोटा. पेशी मरतात एवढा डोस घेऊन लांब शेपूट दाखवली तर ती मरणाऱ्या पेशीची शेपूट असते, धातूने थेट डीएनए तोडल्याचा पुरावा नसतो.

पेशी काढणं, आणि बफरचा खारेपणा

शिनाणीची कवचं हलक्या हाताने थोडी फाकवून फटीत पिपेटची टीप अडकवायची, मागच्या बाजूच्या अॅडक्टर स्नायूत २५ गेजची सुई घालायची आणि सावकाश ओढायचं, दोन-तीनशे मायक्रोलिटर आरामात मिळतं. सिरिंजमध्ये आधीच तेवढंच थंड अँटिकोअॅग्युलंट, अल्सेव्हर चालतं पण खाली सांगितल्यासारखं खारेपणाला जुळवलेलं, घेऊन ठेवा नाहीतर हिमोसाइट, म्हणजे हिमोलिंफमधल्या पेशी, लगेच गोळा होतात. ट्यूबमध्ये सोडताना सुई काढून टाका, बारीक सुईतून जोरात ढकललं की पेशी फाटतात. इथून पुढे सगळं बर्फावर आणि मंद पिवळ्या प्रकाशात, खिडकीतून येणारं ऊन आणि डोक्यावरची ट्यूबलाइट दोन्ही नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकातले बहुतेक प्रोटोकॉल माणसाच्या किंवा उंदराच्या रक्तासाठी लिहिलेत, त्यात पीबीएस असतं आणि त्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, साधारण ३०० मिलिऑस्मोल. पूर्ण खाऱ्या पाण्यातल्या शिनाणीचं हिमोलिंफ बाहेरच्या पाण्याइतकंच, म्हणजे १००० च्या आसपास असतं. तिच्या पेशी साध्या पीबीएसमध्ये टाकल्या की पाणी आत शिरून फुगतात, फुटतात, आणि कंट्रोलमध्येच प्रचंड नुकसान दिसतं. ज्या दिवशी शिनाणे आणल्या त्या दिवशीचा खारेपणा बघा आणि बफर त्याला जुळवा. ढोबळ हिशोब असा की खारेपणाच्या प्रत्येक एका भागाला (हजारात एक) २८ ते २९ मिलिऑस्मोल, म्हणजे २० खारेपणाच्या पाण्यासाठी साधारण ५७० हवेत, म्हणजे एक लिटर पीबीएसमध्ये वरून ८ ते ९ ग्रॅम मीठ. ऑस्मोमीटर कुठल्या डिपार्टमेंटला असेल तर त्यावर खात्री करून घ्या. हाच नियम लो मेल्टिंग अॅगरोजलाही लागू, तोही याच बफरमध्ये बनवायचा, आणि ट्रायपॅन ब्लू, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग, तोसुद्धा, नाहीतर पेशी जिवंत असतात आणि रंग टाकल्यावर मरतात.

ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजा. ८० टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जा, ७५ च्या खाली असेल तर तो नमुना कॉमेटला घेऊ नका, का मेल्या ते आधी शोधा.

गिल्सवर काम करायचा मोह होतो कारण धातूशी पहिला संबंध त्यांचाच येतो, पण गिल्स कापून एन्झाइमने पेशी सुट्या करताना बेसलाइन नुकसान वाढतं. पहिल्यांदा हिमोसाइटवर हात बसू दे, मग तिकडे वळा. मासे घेतलेत तर त्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं त्यामुळे एक थेंब रक्त पुरतं, पण मासा कणा असलेला प्राणी, संस्थेच्या प्राणी आचारसमितीची परवानगी आधी घ्या. माणसाचं रक्त घेणार असाल तर मानवी आचारसमिती आणि लेखी संमती दोन्ही.

स्लाइड, लायसिस, करंट

स्लाइडवर आधी १ टक्का साध्या अॅगरोजचा पातळ थर द्यायचा आणि पूर्ण सुकवायचा. आपल्याकडे पावसाळ्यात हा थर टेबलावर ठेवून सुकतच नाही, वरून सुकल्यासारखा वाटतो आणि लायसिसमध्ये, म्हणजे पेशी विरघळवताना, जेल सरकून डब्यात तरंगायला लागतं. ओव्हनमध्ये ३७ ते ५० अंशांवर सुकवा आणि सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवा. जून ते सप्टेंबर कामाच्या आधी दोन स्लाइड रिकाम्या चालवून बघा.

मग साधारण १०,००० पेशी १० मायक्रोलिटरमध्ये घेऊन ७५ मायक्रोलिटर ०.५ टक्के लो मेल्टिंग अॅगरोजमध्ये मिसळायच्या. अॅगरोज ३७ अंशांवर हवं, हाताला गरम लागत असेल तर ते जास्त गरम आहे. कव्हरस्लिप टाका, बर्फावरच्या ट्रेमध्ये पाच-दहा मिनिटं, मग कव्हरस्लिप बाजूला सरकवून काढा, उचलू नका. प्रत्येक जनावराच्या किमान दोन स्लाइड.

लायसिसच्या द्रावणात २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०. एका लिटरसाठी मीठ १४६.१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७.२ ग्रॅम, ट्रिस १.२ ग्रॅम, हे ८९० मिलिलिटरपर्यंत आणायचं. ईडीटीए विरघळत नाही म्हणून घाबरू नका, सोडियम हायड्रॉक्साइड टाकत पीएच वर नेला की आपोआप विरघळतं. वापरायच्या दिवशी त्यात १ टक्का ट्रायटन एक्स-१०० आणि १० टक्के डीएमएसओ घालून लिटर पूर्ण करायचं आणि अर्धा तास फ्रीजमध्ये. डीएमएसओ लागतं ते रक्तातल्या लोखंडाने रॅडिकल बनवू नयेत म्हणून, आणि आपल्या भागातल्या शिनाण्यांत लोखंडाची कमी नसते, त्यामुळे मी तरी ते सोडायला सांगणार नाही. स्लाइड किमान एक तास, सोयीचं असेल तर रात्रभर, ४ अंशांवर अंधारात.

दुसऱ्या दिवशी अल्कली. १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिलिलिटर आणि २०० मिलिमोलर ईडीटीए ५ मिलिलिटर, पाणी घालून एक लिटर, म्हणजे ३०० मिलिमोलर आणि १ मिलिमोलर, पीएच १३ च्या वर. दर वेळी ताजं करा, थंड करून वापरा. टाकीत स्लाइड आडव्या, एकमेकींना खेटून, मध्ये रिकामी जागा नको, बफर स्लाइडच्या जेमतेम वर. २० मिनिटं उलगडू द्यायचं, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं करंट. वेळ २० ठेवा की ३०, तुमचा निर्णय, पण एकदा ठरलं की पूर्ण प्रबंधभर तेच.

व्होल्टेज बघताना नुसतं ‘२५ व्होल्ट’ लिहून भागत नाही, टाकी लांब की आखूड यावर सगळं आहे. प्रत्येक सेंटिमीटरला ०.७ ते १ व्होल्ट हवं, इलेक्ट्रोडमधलं अंतर ३० सेंटिमीटर असेल तर २५ व्होल्ट बरोबर बसतं. करंट ३०० मिलिअँपियरवर आणायचा तो बफर थोडा काढून किंवा घालून. टाकीभोवती बर्फ किंवा थेट कोल्ड रूम, कारण तापमान चढलं की शेपटी वाढते. आणि चालू असताना लाइट गेली, पावसात जातेच, तर तो रन टाकून द्या. करंट थांबला तरी अल्कली थांबत नाही, लाइट आल्यावर पुढे चालू केलेल्या स्लाइड बाकीच्यांशी जुळत नाहीत. टाकीला इन्व्हर्टरची लाइन मिळाली तर उत्तम.

शेवटी ०.४ मोलर ट्रिस, पीएच ७.५, पाच-पाच मिनिटं तीनदा. रंगवायला इथिडियम ब्रोमाइड, डॅपी किंवा सायबर गोल्ड. इथिडियम स्वतः डीएनएत घुसतं तेव्हा हातमोजे, वेगळा कोपरा, वेगळा कचरा.

कंट्रोल, आणि क्रोमियमची अडचण

प्रत्येक रनमध्ये तीन गोष्टी हव्यात. धातू न दिलेल्या पेशी. पॉझिटिव्ह कंट्रोल, जेलमध्ये बसवलेल्या चांगल्या पेशींना ५० ते १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड पाच मिनिटं बर्फावर. आणि एकाच बॅचच्या गोठवून ठेवलेल्या पेशींची एक स्लाइड, जी प्रत्येक रनला तीच असते, म्हणजे सोमवारचा रन आणि शुक्रवारचा रन ताडून बघता येतो. निगेटिव्ह कंट्रोलच्या शेपटीत २० टक्क्यांहून जास्त डीएनए यायला लागला तर नमुने पुढे चालवू नका. बफर, प्रकाश, तापमान, सुई, एकेक करून तपासा. वर सांगितलेला पहिला प्रश्न इथे सुटतो.

आता दुसरा. क्रोमियमने डीएनए आणि प्रोटीन एकमेकांना बांधले की डीएनए तुटला असला तरी सरकत नाही, शेपूट आखूड दिसते, कधीकधी कंट्रोलहूनही आखूड, आणि घाईत लिहिणारा ‘क्रोमियमचा परिणाम आढळला नाही’ लिहून मोकळा होतो. हे टाळायला दोन जादा स्लाइड ठेवा. एकीला लायसिसनंतर ३७ अंशांवर प्रोटिनेज के द्यायचं, त्याने प्रोटीन कापलं जातं, आणि शेपूट न दिलेल्या स्लाइडपेक्षा वाढली तर बांधलेलं प्रोटीन होतं हे कळतं. दुसरी पद्धत, धातू दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही पेशींना नंतर सारखंच मोजकं नुकसान करायचं. धातूवाल्यांची शेपूट कमी आली तर काहीतरी डीएनए धरून ठेवतंय. यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात पण क्रोमियम आणि पेरॉक्साइड एकमेकांत रिअॅक्शन करतात, तेव्हा क्रोमियमसाठी पेशी नीट धुवून घ्या किंवा त्याऐवजी एमएमएस (मिथाइल मिथेनसल्फोनेट) वापरा.

कॅडमियम आणि आर्सेनिकचं वेगळं. त्यांचा मारा दुरुस्तीवर असल्यामुळे डोस दिल्या दिल्या शेपूट फार वाढलेली नसते. दोन्ही गटांच्या पेशींना पेरॉक्साइड द्या, धुवा, माध्यमात ठेवा आणि ०, ३०, ६०, १२० मिनिटांनी स्लाइड करा. कंट्रोलची शेपूट आखडत जाते, कॅडमियमवाल्यांची तशीच रेंगाळते. हा आलेख एका साध्या कॉमेटपेक्षा खूप जास्त सांगतो, आणि खर्च काय, तर प्रत्येक गटामागे चार जादा स्लाइड.

ऑक्सिडेशनसाठी एफपीजी. लायसिसनंतर स्लाइड एन्झाइमच्या बफरमध्ये तीनदा धुवायच्या, मग एकीवर एन्झाइम आणि दुसरीवर नुसतं बफर, ३७ अंशांवर अर्धा तास ओलसर डब्यात. दोघींतला फरक म्हणजे ऑक्सिडाइज झालेले प्युरिन. एन्झाइमची मात्रा आधी स्वतः ठरवा, कंपनीच्या कागदावर भिस्त ठेवू नका.

मोजणी

स्लाइडवरची नावं मोजणाऱ्याला दिसता कामा नयेत, दुसऱ्या कुणाकडून कोड टाकून घ्या. आपल्याला काय हवंय ते आपल्याला माहीत असतं आणि डोळा तिकडेच जातो. एका स्लाइडवर किमान ५० पेशी, कडा आणि बुडबुड्यांजवळच्या सोडून, स्लाइडभर फिरत. ओईसीडीची ४८९ नंबरची गाइडलाइन सस्तन प्राण्यांसाठी एका नमुन्याच्या १५० पेशी सांगते, तेवढ्या जमल्या तर बघा. फोटो काढताना डोक्याचा भाग पांढराफट होऊ देऊ नका, तिथे मोजणीच बिघडते. सॉफ्टवेअरला पैसे घालायची गरज नाही, इमेजजेमध्ये ओपनकॉमेट चालतं, कॅस्पही फुकट आहे. शेपटीतल्या डीएनएचा टक्का हाच मुख्य आकडा द्या, तो सगळ्यांना वाचता येतो. कॅमेरा नसेल तर डोळ्यांनी ० ते ४ असे पाच वर्ग करून १०० पेशी मोजल्या तरी ० ते ४०० मधला स्कोअर मिळतो, आणि सरावलेल्या डोळ्याचा तो स्कोअर भरवशाचा असतो. डोकं अगदी बारीक आणि सगळा डीएनए शेपटीत अशा पेशी वेगळ्या मोजा, त्या सरसकट मेलेल्या आहेत असं गृहीत धरू नका.

स्टॅटिस्टिक्समध्ये एकच गोष्ट ठामपणे सांगतो: तुमचा एन म्हणजे शिनाण्यांची संख्या, पेशींची नाही. पाच शिनाण्यांच्या शंभर-शंभर पेशी मोजल्या म्हणून एन ५०० होत नाही. प्रत्येक स्लाइडचा मीडियन, स्लाइडच्या मीडियनची सरासरी काढून जनावराचा एक आकडा, आणि त्या आकड्यांवर टेस्ट. ५०० धरलं की काहीही सिग्निफिकंट येतं.

बाकीच्या टेस्ट थोडक्यात

कॉमेट आत्ताचं नुकसान दाखवतं, मायक्रोन्यूक्लियस पेशी विभागून गेल्यानंतर मागे राहिलेलं. माशाच्या रक्तावर सोपी टेस्ट आहे: स्मिअर, मिथेनॉल, मग जिम्सा किंवा अॅक्रिडिन ऑरेंज. मी अॅक्रिडिन ऑरेंज सुचवेन, कारण जिम्साचे कण मायक्रोन्यूक्लियससारखेच दिसतात. मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून लहान, त्याला न चिकटलेला, त्याच फोकसमध्ये आणि तसाच रंगलेला, एवढं जमलं तरच मोजा. एका माशाच्या हजार-दोन हजार पेशी बघाव्या लागतात, वेळ जातो. माणसाच्या लिंफोसाइटवर १९८५ पासून फेनेक आणि मॉर्ली यांची सायटोकॅलेसिन बीची पद्धत आहे, ४४ व्या तासाला ते घालायचं, ७२ व्या तासाला पेशी काढायच्या, आणि फक्त दोन केंद्रकांच्या पेशी मोजायच्या.

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपही नसेल पण फ्लुरिमीटर असेल तर अंशतः अल्कलीत उलगडण्याची पद्धत आहे. डीएनए काढून त्याचे तीन भाग करायचे, एक न उलगडलेला, एक उकळून पूर्ण सुटा केलेला, एक ठरावीक वेळ अल्कलीत ठेवलेला, आणि हेक्स्ट रंगाने तिन्ही मोजून किती डीएनए दुहेरी राहिला तो गुणोत्तर काढायचा. हे आपल्याच दारात झालंय, दोना पावलाच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, अनुपम सरकार आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या छोट्या शंखांवर याच पद्धतीने काम केलंय. याला पेशी जिवंत सुट्या कराव्या लागत नाहीत म्हणून फील्डला सोयीचं, पण कुठल्या पेशीत किती नुकसान हे कळत नाही, सगळ्यांची सरासरी मिळते.

टाकाऊ द्रावणं आणि स्लाइड

क्रोमियम, पारा आणि कॅडमियमची द्रावणं वेगवेगळ्या लेबल लावलेल्या बाटल्यांत जमवा, सिंकमध्ये एक थेंब नको, आपल्या सिंकचं पाणी शेवटी त्याच खाडीत जातं जिथून शिनाणे आणल्या. सहा संयुजेचं क्रोमियम अॅसिडमध्ये पीएच २ ते ३ वर बायसल्फाइटने तीन संयुजेचं करता येतं, मग पीएच ८ ते ९ वर नेलं की खाली बसतं, ते गाळून गाळ संस्थेच्या धोकादायक कचऱ्यात द्या. पाऱ्याला हात लावू नका, तो तसाच बंद बाटलीत त्यांच्याकडे. शिनाण्यांची कवचं आणि डोस दिलेलं मांस कुणाच्याही कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका, तेही धातूच्याच कचऱ्यात.

स्लाइड मोजून झाल्या की थंड इथेनॉलमध्ये बुडवून सुकवा, सिलिका जेलच्या डब्यात कोडसकट ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा जेलचे मणी बदला, नाहीतर बुरशी येते. परीक्षकाने किंवा रिव्ह्यूअरने विचारलं तर पाण्याने ओल्या करून पुन्हा रंगवता येतात, आणि तेच कॉमेट त्यांना दाखवता येतात.